सैन्यातल्या खुनाचा छडा लावणारे चित्रपट सुचवा (बाबांसोबत बघायचे आहेत)

कोयनाकाठ:
माझे बाबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे सध्या घरीच आहेत. परवा आम्ही 'शौर्य' (२००८) बघितला. कॅप्टनने आपल्याच मेजरला गोळी घातलीय आणि बचावासाठी तो तोंडच उघडत नाही. के के मेननचा ब्रिगेडियर साक्षीला आला तसे बाबा उशी सोडून ताठ बसले. नंतर म्हणाले, "पोरगं गप्प का बसलं ते कळलं मला." मग रात्री उशिरापर्यंत पलटणीतल्या गोष्टी सांगत होते. एरवी विचारूनही सांगत नाहीत. असेच आणखी सुचवा. नुसती मारामारी नको. इंग्रजी सबटायटल्स ते वाचतात, पण सावकाश.

हिरवा_कंदील:
'अ फ्यू गुड मेन' (१९९२). 'शौर्य' याच्याशी बराच जुळतो, त्यामुळे शेवट ओळखीचा वाटेल. तरी जॅक निकल्सनच्या कर्नलची उलटतपासणी चुकवू नका.

शिशिरपान:
'जॉइंट सिक्युरिटी एरिया' (२०००), कोरियन, दिग्दर्शक पार्क चान-वूक. आधी हाच लावा.
दोन कोरियांच्या सीमेवर, पानमुन्जोमला, उत्तरेच्या चौकीत रात्री गोळीबार होतो. उत्तरेचे दोघे ठार, एक जखमी. दक्षिणेचा एक सार्जंट लंगडत परत येतो. दक्षिण म्हणते त्याला पळवून नेलं होतं, उत्तर म्हणते त्यानेच हल्ला केला. तपासाला स्वित्झर्लंडची मेजर सोफी येते आणि गोळ्यांचा हिशेब काही जुळत नाही. पुढचं सांगत नाही. खुनी कोण हे कळतं तेव्हा समाधान होत नाही, पोटात तुटतं. साँग कांग-होने रंगवलेला उत्तरेचा सार्जंट चोकोपाय (चॉकलेट लावलेला छोटा केक) खातो तो प्रसंग मी तीनदा मागे नेऊन बघितला. प्रत्यक्ष जागी चित्रीकरण शक्य नव्हतं म्हणून पानमुन्जोमचा सेट उभारला होता, पण बघताना कुठेही जाणवत नाही.
बाबांना हेही सांगा: १९५३ च्या युद्धविरामानंतर घरी परतायला नकार देणारे कैदी सांभाळायला भारताची तुकडी कोरियात गेली होती. तिचे प्रमुख आपले कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. उत्तर नको आणि दक्षिणही नको म्हणणारे मोजके कैदी तर या तुकडीसोबत आधी भारतातच आले. चित्रपटातला एक महत्त्वाचा धागा अशाच कैद्यांपाशी जातो.

गवतीचहा:
शिशिरपान यांना अनुमोदन, पण एक तक्रार आहे. त्यातले इंग्रजी संवाद फार कृत्रिम वाटतात. पहिली वीस मिनिटं मी कंटाळले होते. काका उठून जायला लागले तर थांबवा, सुरुंगाचा प्रसंग येईपर्यंत तरी.
माझ्याकडून 'अ सोल्जर्स स्टोरी' (१९८४). १९४४ सालचं लुइझियाना, कृष्णवर्णीय सैनिकांची तुकडी, त्यांच्याच सार्जंटचा खून. तपासाला आलेला कॅप्टनही कृष्णवर्णीय, आणि असा अधिकारी त्या तळावर कुणी पाहिलेलाच नाही. मेलेला सार्जंट जसजसा उलगडत जातो तसा त्याचा राग येतो आणि कीवही. तरुण डेन्झेल वॉशिंग्टन आहे त्यात.

कोयनाकाठ:
सर्वांचे आभार. काल कोरियन बघितला. संवाद जास्त असले की थांबवून मी वाचून दाखवत होते. सुरुंगावर पाय पडतो तिथे बाबांनी माझा हात धरला.
थोरातसाहेबांचं नाव त्यांना माहीत होतं, कोरियाचं नव्हतं. मग म्हणाले, ताबारेषेवर आमची एक चौकी इतकी जवळ होती की सकाळी पलीकडची भांडी घासल्याचा आवाज यायचा. एकदा तो चार दिवस आलाच नाही, तर आम्ही सगळे त्याबद्दलच बोलत होतो. हे त्यांनी आईलाही कधी सांगितलं नव्हतं.
गवतीचहा, 'अ सोल्जर्स स्टोरी' सध्या कुठे बघायला मिळेल? रविवारी लावायचा आहे.