ज्युनियरचा पट्टा ही पायरी नाही

रानवारा: परवा इथे एकाने लिहिलं, "न्यू जपान या जपानी व्यावसायिक कुस्ती कंपनीचा ज्युनियर हेवीवेट (हलक्या वजनाचा) पट्टा म्हणजे हेवीवेटला जायची पायरी. बंद करा, एकच पट्टा ठेवा." दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा.

१९७८ मध्ये न्यू जपानच्या फुजिनामीने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होसे एस्ट्राडाला हरवून अमेरिकन कंपनीचा ज्युनियर किताब जपानला आणला. २३ एप्रिल १९८१ ला टोकियोच्या कुरामाएत सायामा मुखवटा चढवून टायगर मास्क म्हणून डायनामाइट किडसमोर उतरला आणि हलक्या गड्यांकडे बघायची सगळ्यांची नजरच बदलली. १९८५ ला त्या अमेरिकन कंपनीशी संबंध तुटले, उसना किताब गेला. तेव्हा ६ फेब्रुवारी १९८६ ला कोशिनाकाने कोब्रा नावाच्या गड्याला पाडून न्यू जपानचा हा घरचा पट्टा जिंकला. बंदच करायचा असता तर तेव्हाच केला असता!

तालीमवाला: असहमत. ते वाक्य माझंच. फुजिनामी पुढे कुठे गेला? हेवीवेटला. कोशिनाका, ताकादा, ओमेगा, ऑस्प्रे, सगळे तिकडेच. २०१३ ला डेविट ज्युनियर चॅम्पियन असताना हेवीवेट चॅम्पियन ओकादाशी लढला आणि हरला. मोठ्या पट्ट्याच्या सावलीत याला किंमत किती? आणि मुळात ही सगळी नुरा कुस्ती. निकाल आधी ठरलेला, मग ज्युनियरला १०० किलोची मर्यादा कशाला?

रानवारा: लायगरचं नाव बरं विसरलात. उंची कमी म्हणून यामादाला, म्हणजे पुढच्या लायगरला, आधी घेतलंच नव्हतं. पोरगं मेक्सिकोला गेलं, शिकलं, मग तालमीत शिरलं. १९८९ ला मुखवटा चढवला, हा पट्टा ११ वेळा जिंकला आणि जानेवारी २०२० ला निवृत्त झाला तो ज्युनियर म्हणूनच. पट्टे एकत्र करायचा प्रयोगही झालाय. १९९६ ला ८ पट्टे मिळून जे-क्राउन केला, ग्रेट सासुकेने जिंकला. पुढच्याच वर्षी अमेरिकन कंपनीने त्यातला आपला पट्टा परत मागितला आणि डोलारा कोसळला.

तालीमवाला: ते आठही हलक्या वजनाचेच पट्टे होते. तुलना चुकीची आहे.

पूर्वेचा पाहुणा: नुरा म्हणणाऱ्यांनी एकदा कोराकुएन हॉलला यावं. मी टोकियोत नोकरीला आहे. पाचव्या मजल्यावर हॉल, जिन्याच्या भिंती चाहत्यांनी लिहून काळ्या केलेल्या. छातीवर पडलेली चापट मागच्या रांगेत ऐकू येते आणि कातडीवर पाची बोटं उठलेली दिसतात. निकाल ठरलेला असेल, पण दोरावरून खाली पडणारं अंग ठरवून दुखत नाही.

तालीमवाला: मार लागतो म्हणून ती कुस्ती होत नाही. माझे आजोबा कराडकडच्या मातीतले. खाशाबांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं ते खऱ्या लढतीत, विश्रांतीही न मिळता. त्यांना हरवून सुवर्ण नेणारा इशी जपानीच होता, पण तो मॅटवरचा पैलवान होता, मुखवट्यातला नव्हे. दोन्ही एका तराजूत घालू नका. आमच्या घरात हा विषय थट्टेचा नाही.

नारळवाली कुस्ती: मी ६१ किलोचा होतो, म्हणून बोलतो. जत्रेत आमच्या कुस्त्या दुपारी उन्हात, नारळावर. एकदा गुडघा सुजवून घेऊन जिंकलो, तेव्हा पंचांचं लक्ष मांडवात मोठ्या पैलवानाच्या स्वागताकडे होतं. हात वर करायलाही कुणी आलं नाही. घरी आलो, नारळ आईपुढे ठेवला. आई म्हणाली, "खोबरं तरी गोड आहे." तालीमवाले, खाशाबा ५७ किलोच्या गटात होते. तो गट नसता तर आज त्यांचं नाव कुणाच्या तोंडी असतं? हलक्या गड्याला स्वतःची जागा लागते. लढत खरी असो की ठरलेली, एवढी गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

तालीमवाला: खाशाबांना यात ओढल्याचा राग आहे, आणि आधी मीच ओढलं हेही कबूल. नुरा ती नुरा, त्यावरून मी हलणार नाही. पण पट्टा बंद करा हे वाक्य मागे घेतो. गुडघा कोणता होता?

नारळवाली कुस्ती: डावा. पावसाळ्यात अजून धरतो.