रिप ऑफ : फाडणे, लुबाडणे की ढापणे?

प्रश्न : ‘रिप ऑफ’चा ‘फाडून काढणे’ हा अर्थ माहीत आहे. मग ‘आय गॉट रिप्ड ऑफ’ म्हणजे नेमकं काय?

– ‘मला लुबाडलं’. कर्म बघितलं की निम्मं काम होतं. वादळाने छप्पर उडवलं तर छप्पर ‘रिप्ड ऑफ’, हा मूळ अर्थ. गिऱ्हाईक ‘रिप्ड ऑफ’ झालं, तर त्याच्याकडून अव्वाच्या सव्वा पैसे उकळले किंवा पैसे घेऊन भिकार माल गळ्यात मारला. हा बोलीतला अर्थ अमेरिकेत 1960च्या दशकात रुळला. धाकदपटशा करून लुटलं तर मात्र ‘रॉब’ म्हणा.

– म्हणजे ‘गंडवणे’?

– दर वेळी नाही. गंडवण्यात फसवणूक हवीच. किंमत पाटीवर उघड लिहिलेली असली, तरी ती अवाजवी असेल तर इंग्रजीत ‘व्हॉट अ रिप-ऑफ!’ म्हणतात. तिथे ‘ही तर लूट आहे!’ चपखल बसतं. ‘टोपी घातली’, ‘चुना लावला’ हे खोटं बोलून फसवलं असेल तरच.

– तिसरा अर्थ राहिला : दुसऱ्याची कल्पना, चाल, डिझाइन उचलणे. याला मराठीत ‘ढापणे’ अगदी नेमका, कारण तो चोरी आणि नक्कल दोन्हींना चालतो. त्यामुळेच ‘ही रिप्ड ऑफ द कव्हर’ हे वाक्य एकटं घेतलं तर फसवं आहे : त्याने कव्हर फाडून काढलं की त्याचं डिझाइन ढापलं? मागचंपुढचं वाक्य वाचल्याशिवाय भाषांतर करू नका.

– रचनेत हमखास चूक होते ती सर्वनामाची. ‘दे रिप्ड मी ऑफ’ बरोबर, ‘दे रिप्ड ऑफ मी’ चूक. नाम असेल तर दोन्ही जागा चालतात : ‘रिप्ड टूरिस्ट्स ऑफ’, ‘रिप्ड ऑफ टूरिस्ट्स’. कर्म लांबलचक असेल तर ते ‘ऑफ’नंतरच ठेवा, नाहीतर ‘ऑफ’ वाक्याच्या शेपटाला लोंबकळतो.

– उच्चारही सांगतो. भूतकाळी रूप लिहिताना ‘पी’ दोनदा, शेवटी ‘ईडी’. पण ऐकू येतं ‘रिप्ट’. क्रियापदात जोर ‘ऑफ’वर, नामात ‘रिप’वर. नाम लिहिताना मध्ये जोडरेघ हवी, क्रियापदात नको.

– तक्रारीच्या पत्रात चालेल?

– टाळा. जास्त पैसे घेतले असतील तर ‘ओव्हरचार्ज’ लिहा. ‘डिफ्रॉड’ हा थेट फसवणुकीचा आरोप आहे. पुरावा हाताशी असेल तरच तो शब्द वापरा.