उंदीर वात पळवेल!

नेत्यानं मोठं चित्र बघावं, बारीकसारीक गोष्टी खालच्यांवर सोडाव्यात, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटलं.

शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या छावणीतल्या घोडदळाच्या अंमलदारांना गेलेलं पत्र आठवा. १६७० च्या दशकातलं, राज्याभिषेकाच्या आगेमागेचं. त्यात ललकारी वगैरे काही नाही. आहे तो दाणावैरणीचा हिशेब. आत्ताच मनमानी खर्च केलात तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी मरतील. मग तुमचे लोक कुणब्याकडून दाणे, भाकर, गवत, फाटी, पाला उचलू लागतील आणि रयतेला तुम्ही मोगलांपेक्षा वाईट वाटाल. पुढे तर रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इथवर! राजा उंदराचा विचार करतोय.

(रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, हे प्रसिद्ध वाक्य या पत्रातलं नाही बरं का. ते १६७६ च्या, कोकणातल्या प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेल्या पत्रातलं. व्हॉट्सॲप फॉरवर्डमध्ये दोन्ही पत्रांची खिचडी होते.)

आता याला कुणी 'मायक्रोमॅनेजमेंट' म्हणेल. मला तसं वाटत नाही. पत्रात नुसता हुकूम नाही, प्रत्येक सूचनेमागे 'नाहीतर काय होईल' हे सांगितलंय. आमच्या जुन्या साहेबांचे मेल यायचे ते एका ओळीचे, 'तातडीने करावे'. का करावे, ते आम्ही चहाच्या टपरीवर एकमेकांना विचारत बसायचो.