शब्दचर्चा : ‘अलायस’ म्हणजे उर्फ की मार्फत? आणि ‘फिल्टर’ म्हणजे चाळणी की छाननी?

विचारणा

पुण्यातील आमच्या शिक्षणसंस्थेचा स्वतःचा मेल सर्व्हर आहे. पत्रे घेण्याचे आणि पुढे धाडण्याचे काम पोस्टफिक्स करते, पेट्यांचा सांभाळ डोव्हकॉटकडे आहे आणि नको असलेली पत्रे ओळखण्यासाठी स्पॅमअ‍ॅसॅसिन बसवलेले आहे. कार्यालयातील लिपिक, ग्रंथपाल आणि विभागप्रमुख यांच्यासाठी या व्यवस्थेची मराठी हस्तपुस्तिका लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ‘सर्व्हर’, ‘पासवर्ड’, ‘ईमेल’ या शब्दांना मी हात लावणार नाही, कारण ते सर्वांच्या तोंडी बसलेले आहेत. अडचण दोन शब्दांपाशी आहे.

‘अलायस’साठी, म्हणजे ज्यावर आलेले पत्र दुसऱ्याच ठिकाणी पोचते त्या पर्यायी पत्त्यासाठी, जुन्या मसुद्यात ‘उपनाम’ असा शब्द होता. मराठीत उपनाम म्हणजे आडनाव, त्यामुळे ‘आपले उपनाम निवडा’ हे वाचून एखादा लिपिक सरळ स्वतःचे आडनाव भरील. ‘टोपणनाव’ अर्थाच्या जरा जवळ जाते. पण ‘परीक्षा विभाग’ किंवा ‘ग्रंथालय’ या नावाने असलेला पत्ता हे कोणाचे टोपणनाव नव्हे. ‘फिल्टर’साठी गाळणी, चाळणी आणि छाननी असे तीन शब्द सुचले आहेत. जाणकारांनी मत द्यावे, आणि शक्यतो शब्द वाक्यात वापरून दाखवावा.

प्रतिसाद (निवृत्त टपाल कर्मचारी, सदाशिव पेठ)

संगणकाचे मला फारसे कळत नाही, परंतु पत्त्यांशी आयुष्यभर संबंध आला. पाकिटावर दोन नावे असण्याचे प्रकार वेगवेगळे असतात. ‘अमुक उर्फ तमुक’ असे लिहिलेले असेल तर माणूस एक, दार एक, फक्त नावे दोन. ‘अमुक, मार्फत तमुक’ असे असेल तर माणसे दोन, आणि पत्राचा बटवडा दुसऱ्याच्या दारात होतो. याखेरीज तिसरा प्रकार म्हणजे घर बदललेल्या माणसाचा. जुन्या पत्त्यावर आलेल्या पत्रावरचा पत्ता खोडून नवा लिहायचा आणि ते पुढे पाठवायचे. आपला ‘अलायस’ यांपैकी कोणता, हे प्रथम सांगावे. ते कळल्याशिवाय शब्द सुचवता येणार नाही.

जाता जाता एक सुचवतो. ‘डिलिव्हरी’साठी ‘वितरण’ न लिहिता ‘बटवडा’ लिहावे. वितरण वर्तमानपत्रांचेही होते आणि बक्षिसांचेही होते. बटवडा म्हटले की पत्र ज्याचे त्याच्या हाती पडले, असा अर्थ टपालाच्या संदर्भात पुरेसा स्पष्ट होतो.

प्रतिसाद (सर्व्हर व्यवस्थापक, बाणेर)

वरील प्रश्नाचे उत्तर असे आहे की अलायस एक नव्हे, चार प्रकारचा असतो, आणि या सगळ्यांना एकच नाव असल्यामुळे नवशिक्यांचा गोंधळ होतो. पोस्टफिक्सच्या ‘अलायसेस’ नावाच्या फाईलमध्ये डाव्या बाजूला एक नाव आणि उजव्या बाजूला त्याचे ठिकाण लिहिलेले असते. उजवीकडे त्याच सर्व्हरवरील एक पेटी असेल, तर तो शुद्ध उर्फ. उजवीकडे दहा पेट्या असतील, तर तो समूह. उजवीकडे बाहेरच्या एखाद्या सेवेवरचा पत्ता असेल, तर ते पुनःप्रेषण. आणि उजवीकडे उभी रेघ देऊन एखाद्या प्रोग्रॅमचे नाव लिहिलेले असेल, तर आलेले पत्र थेट त्या प्रोग्रॅमच्या हाती जाते. या चौथ्या प्रकाराबद्दल हस्तपुस्तिकेत एकच वाक्य असावे : असा पत्ता कोणाही विभागाने परस्पर मागू नये. बाहेरून आलेला कोणाचाही मजकूर आपल्या यंत्रावरील प्रोग्रॅमला भरवणे, हे काय होऊ शकते याचा पूर्ण विचार झाल्याशिवाय करण्याचे काम नव्हे.

शब्द वेगळे हवेत हा माझा आग्रह आहे, कारण सुरक्षिततेचे नियम प्रकारानुसार बदलतात. उर्फाला स्वतःचा पासवर्ड नसतो. पत्र मूळ पेटीत पडते आणि विषय संपतो. फक्त त्या नावाने पत्र पाठवण्याचा अधिकार कोणाला, हे स्वतंत्रपणे ठरवावे लागते. तसे ठरवले नाही, तर पासवर्ड देऊन आत आलेला कोणताही कर्मचारी प्राचार्यांच्या पत्त्यावरून पत्र धाडू शकतो. समूहपत्त्याचा प्रश्न उलट्या बाजूने येतो. ‘सर्व कर्मचारी’ असा पत्ता बाहेरच्या जगाला खुला राहिला, तर एका फसव्या पत्राचा बटवडा एका दमात सगळ्या पेट्यांत होतो. म्हणून त्या पत्त्यावर लिहिण्याची मुभा फक्त आतल्यांना असावी.

पुनःप्रेषणाचा घोळ सर्वांत मोठा. एसपीएफ नावाची नोंद असे सांगते की अमुक डोमेनची, म्हणजे पत्त्यातील @ च्या पुढच्या नावाची, पत्रे फक्त अमुक यंत्रांवरून निघतील. आता एखाद्या प्राध्यापकाने संस्थेच्या पत्त्यावर आलेली पत्रे आपल्या खासगी पेटीकडे वळवून घेतली, तर बँकेचे पत्र आमच्या यंत्रावरून पुढे जाते, पण लखोट्यावर पाठवणारा म्हणून नाव बँकेचेच राहते. पलीकडचा सर्व्हर बँकेची नोंद पाहतो, तीत आमचे यंत्र नसते, आणि पत्र संशयित ठरते. यावर उपाय म्हणजे पुढे धाडताना लखोट्यावरील प्रेषकाचा पत्ता आपल्या डोमेनचा करून लिहिणे. त्यासाठी एसआरएस नावाची पद्धत आहे. तरीही माझा सल्ला असा की बाहेर वळवण्याची सोय मागितली म्हणून लगेच देऊ नये; अर्ज घ्यावा आणि कारण विचारावे.

प्रतिसाद (मराठीचे अध्यापक, डेक्कन)

मग निवाडा सोपा झाला. पहिल्यास ‘उर्फपत्ता’, दुसऱ्यास ‘समूहपत्ता’, आणि तिसऱ्यास ‘पुढचा पत्ता’ म्हणावे. ‘मार्फत’ मात्र यांत बसत नाही, कारण मार्फतीत मधल्या माणसाचे नाव पाकिटावर उघड लिहिलेले असते, आणि पुनःप्रेषणात ते पाठवणाऱ्याला ठाऊकच नसते. ‘उर्फ’ आणि ‘मार्फत’ हे दोन्ही शब्द फारसीच्या वाटेने आलेले असले तरी मूळ एकाच अरबी धातूचे आहेत. त्या धातूचा अर्थ ओळखणे, आणि आपली ‘तारीफ’ही त्याच घरची. वापर असा : ‘ग्रंथालय हा पत्ता ग्रंथपालांच्या पेटीचा उर्फपत्ता आहे.’

नावापुढे अधिकचिन्ह लावून त्यापुढे एखादा शब्द जोडण्याची जी सोय असते, तिलाही शब्द लागेल. पोटकलम, पोटनियम, पोटभाडेकरू या चालीवर ‘पोटपत्ता’ म्हणता येईल.

आता फिल्टर. गाळणे हे पातळ पदार्थाचे काम, ते येथे सोडून द्यावे. चाळणे म्हणजे भोकाच्या मापाने वेगळे करणे : माप ठरलेले, त्यातून जे गेले ते गेले, उरला तो कोंडा. पाखडणे वेगळे, तिथे हलके आणि जड यांचा अंदाज असतो. निवडणे हे हाताने, एकेक खडा पाहून. तुमच्या व्यवस्थेत या तिन्ही क्रिया असाव्यात असे वाटते, म्हणून मी तिन्हींना कवेत घेणारा ‘छाननी’ हा शब्द सुचवीन. उमेदवारी अर्जांची छाननी होते तेव्हा अर्ज वैध किंवा अवैध ठरतो आणि कारण नोंदवले जाते. पत्राबाबतही तेच अपेक्षित आहे. वस्तू म्हणून उल्लेख करताना ‘चाळणी’ आणि प्रक्रिया म्हणून ‘छाननी’, असा भेद ठेवावा.

प्रतिसाद (सर्व्हर व्यवस्थापक, बाणेर)

‘चाळणी’ला एक अनपेक्षित आधार आहे. पेटीत आलेली पत्रे कोणत्या कप्प्यात टाकायची याचे नियम लिहिण्यासाठी जी भाषा डोव्हकॉट वापरते, तिचे नावच ‘सीव्ह’, म्हणजे चाळणी. तिचे सध्याचे प्रमाण वर्णन 2008 सालचे आहे. त्यामुळे ‘चाळणीचे नियम’ हा शब्दप्रयोग कप्पे लावण्यापुरता राखून ठेवावा, आणि स्पॅम ओळखण्याच्या कामास छाननी म्हणावे.

छाननीत स्पॅमअ‍ॅसॅसिन प्रत्येक पत्राला अनेक कसोट्या लावून अंक देते आणि बेरीज 5 झाली की, मूळ मांडणीनुसार, ते पत्र स्पॅम ठरते. या अंकांना ‘गुण’ म्हणू नये ही विनंती. ‘या पत्राला सात गुण मिळाले म्हणून ते नाकारले’ हे वाक्य कोणत्याही मास्तरांना सहन होणार नाही. ‘दोषांक’ म्हणावे.

शिवाय नकाराचे दोन प्रकार वेगळे दाखवावेत. सर्व्हरांच्या संवादात 4 ने सुरू होणारा अंक म्हणजे तूर्त नकार, थोड्या वेळाने पुन्हा यावे. 5 ने सुरू होणारा अंक म्हणजे कायमचा नकार. ‘ग्रेलिस्टिंग’ हे सगळे तूर्त नकाराच्या जोरावर चालते : अनोळखी यंत्राने प्रथमच पत्र आणले की त्याला तूर्त नकार द्यायचा, रीतसर सर्व्हर पत्र रांगेत ठेवून परत येतो, आणि घाऊक स्पॅम टाकणारी पुष्कळ यंत्रे परत येण्याची तसदी घेत नाहीत. पोस्टग्रे या साधनात ही थांबण्याची वेळ मूळात 300 सेकंदांची असते. ‘करडी यादी’ या शब्दातून यातले काहीच कळत नाही, त्यामुळे मी ‘तूर्त नकार’ हेच नाव ठेवीन, आणि ओटीपी उशिरा येण्याच्या तक्रारीचे हे एक कारण असू शकते असे खाली लिहीन.

प्रतिसाद (नोकरदार, हडपसर)

इतका खटाटोप कशासाठी, असा नम्र प्रश्न आहे. पडद्यावर ‘अलायस’ आणि ‘फिल्टर’ हेच शब्द दिसणार. पुस्तिकेत ‘उर्फपत्ता’ वाचलेला लिपिक पडद्यावर तो शोधत बसेल.

प्रतिसाद (विचारणा करणारा)

आक्षेप रास्त आहे. पडद्यावरील शब्द प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी देवनागरीत देईन. पण लिपिकाला बटण दाबायचे नसून अर्ज लिहायचा आहे, आणि ‘मला अलायस हवा’ एवढ्याच अर्जावरून त्याला उर्फपत्ता हवा की पत्रे बाहेर वळवायची आहेत, हे मला कळत नाही. वेगळ्या शब्दांची गरज तेथे आहे.

आणखी दोन शब्द विचारतो. ‘ओपन रिले’ला काय म्हणावे? आणि डीकेआयएमच्या, म्हणजे पाठवणारा सर्व्हर पत्रावर आपोआप करतो त्या, सहीला ‘डिजिटल स्वाक्षरी’ म्हटले तर कर्मचारी ती स्वतःच्या स्वाक्षरीशी, म्हणजे पत्राखाली येणाऱ्या नाव-हुद्द्याशी, घोळतात.

प्रतिसाद (मराठीचे अध्यापक, डेक्कन)

कोणाचेही पत्र कोणाकडेही, ओळख न विचारता, पोचवणारा सर्व्हर म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा सर्व्हर. पुस्तिकेत ‘खुली हमाली’ लिहावे. बंद का ठेवायची ते वेगळे समजावण्याची गरज पडणार नाही.

प्रतिसाद (मोडी कागदपत्रांचे वाचक, शनिवार पेठ)

डीकेआयएमसाठी ‘मोर्तब’ हा शब्द विचारात घ्यावा. मराठेशाहीतील पत्रांत शिक्का वरच्या बाजूस असे आणि मजकूर संपताच खाली मोर्तब उमटवली जाई. शिवाजी महाराजांच्या मोर्तबेवरील ‘मर्यादेयं विराजते’ ही अक्षरे तेच सांगतात : पत्राची मर्यादा येथे झाली. यापुढे कोणी एखादी ओळ घुसडली, तर ती मोर्तबेच्या पलीकडची म्हणून उघडी पडे. आजच्या ‘शिक्कामोर्तब’ या जोडशब्दात दोन्ही एकत्र नांदतात, पण कामे दोन होती. डीकेआयएमची सही पाठवणाऱ्याच्या डोमेनची ओळख देते आणि मजकूर बदललेला नाही याचीही ग्वाही देते, असे मी ऐकतो. हे खरे असेल तर ‘मोर्तब’ त्यास शोभून दिसेल.

प्रतिसाद (सर्व्हर व्यवस्थापक, बाणेर)

खरे आहे, आणि साम्य आपल्याला वाटते त्याहून अधिक खोल आहे. डीकेआयएमच्या सहीत शीर्षभागातील निवडक ओळी आणि मजकुराचा गणिती सारांश यांवर मोहोर उठते. त्या मोहोरेची पडताळणी करण्याची किल्ली डोमेनच्या डीएनएस नोंदीत (इंटरनेटवरील नावांच्या सार्वजनिक नोंदवहीत) उघडपणे ठेवलेली असते. एखाद्या चर्चागटाने पत्राच्या तळाशी स्वतःच्या दोन ओळी जोडल्या की सारांश जुळत नाही आणि मोर्तब फुटते. यावर तोडगा म्हणून प्रमाणात एक ऐच्छिक खूण ठेवलेली आहे, जिच्यामुळे मजकुराच्या सुरुवातीच्या ठरावीक लांबीपुरतीच सही मानली जाते. त्या लांबीच्या खाली मग कोणीही काहीही जोडू शकतो आणि सही तरीही खरी ठरते. म्हणजे मोर्तब अध्येमध्ये उमटवून खालचा कागद कोरा सोडण्याचा प्रकार. ती खूण वापरू नये.

उरला डीमार्क. एसपीएफ लखोट्यावरील पत्ता पाहतो, वाचणाऱ्याला मात्र दिसतो तो आतला, पत्राच्या शीर्षभागातील प्रेषकाचा पत्ता. एसपीएफ किंवा मोर्तब यांपैकी निदान एक खरे ठरून त्याचे डोमेन आतल्या पत्त्याशी जुळले पाहिजे, ही डीमार्कची अट. जुळले नाही तर पत्राचे काय करावे, हे डोमेनचा मालक स्वतः जाहीर करतो : काही करू नये, बाजूला ठेवावे किंवा नाकारावे. या तीन पर्यायांना ‘नोंद घ्या’, ‘अडवून ठेवा’ आणि ‘नाकारा’ असे साधे शब्द पुरतील. पहिले काही आठवडे ‘नोंद घ्या’वर ठेवून येणारे अहवाल वाचावेत, शुल्काच्या पावत्या पाठवणारी एखादी बाहेरची सेवा संस्थेच्या नावाने पत्रे धाडते हे बहुधा त्या अहवालांतूनच कळते.

प्रतिसाद (निवृत्त टपाल कर्मचारी, सदाशिव पेठ)

न पोचलेल्या पत्राचे आपण काय करता? आम्ही शेरा मारून ते पाठवणाऱ्याकडे परत लावत असू.

प्रतिसाद (सर्व्हर व्यवस्थापक, बाणेर)

आम्हाला तसे करताना फार जपावे लागते, कारण स्पॅमच्या लखोट्यावरील प्रेषकाचा पत्ता बहुतेक वेळा चोरलेला असतो. एकदा पत्र स्वीकारून नंतर परत लावले, तर ते कोणा निरपराध माणसाच्या पेटीत जाऊन पडते आणि आपलाच सर्व्हर काळ्या यादीत जातो. म्हणून अस्तित्वात नसलेल्या पत्त्याचे पत्र दारातच नाकारावे, आत घेऊच नये. पुस्तिकेत ‘परतीचे पत्र’ आणि ‘दारातला नकार’ हे दोन शब्द वेगळे हवेत.

प्रतिसाद (विचारणा करणारा)

सर्वांचे आभार. उर्फपत्ता, समूहपत्ता, पुढचा पत्ता, पोटपत्ता, छाननी, दोषांक, तूर्त नकार, दारातला नकार, बटवडा आणि मोर्तब हे शब्द घेतले. ‘खुली हमाली’ प्राचार्यांना दाखवून ठरवीन. ‘पोस्टमास्टर’ या पत्त्याचे काम आयते झाले, कारण तो पत्ता प्रत्येक मेल सर्व्हरवर असलाच पाहिजे असे एसएमटीपीचे, म्हणजे मेल सर्व्हरांच्या आपसांतील संवादाचे, प्रमाण सांगते आणि ‘पोस्टमास्तर’ मराठीत केव्हाचेच रुळलेले आहेत. आता राहिला ‘कॅच-ऑल’, म्हणजे डोमेनवरील कोणत्याही नावाने आलेले पत्र एका पेटीत घेणारा पत्ता. त्यास ‘सर्वसंग्राहक’ म्हणावे काय?

प्रतिसाद (सर्व्हर व्यवस्थापक, बाणेर)

‘धर्मशाळा’ म्हणावे. नावे अंदाजाने जुळवून पत्रे टाकणाऱ्यांचा प्रत्येक अंदाज तेथे बरोबर ठरतो, आणि दारातला नकार देण्याची संधीच उरत नाही. शिवाय लिपिकाने पत्ता चुकीचा टाइप केला तरी पाठवणाऱ्यास काही कळत नाही. पत्र त्या पेटीत पडून राहते आणि ती पेटी सहसा कोणी उघडत नाही. हा पत्ता आपण ठेवणार नसाल तर शब्दही पुस्तिकेत घेऊ नये.