तीस वर्षांचं युद्ध: धर्माचं की गादीचं?

भटका चष्मा
1618 ते 1648, जर्मन मुलूख, कॅथलिक विरुद्ध प्रोटेस्टंट. एवढं सांगून लोक मोकळे होतात. माझ्या मते धर्म हे निमित्त, भांडण गादीचं. फ्रान्सचा मुख्य मंत्री रिश्ल्यू घ्या. हा स्वतः कार्डिनल, म्हणजे कॅथलिक चर्चचा बडा धर्माधिकारी. 1627-28 मध्ये ला रोशेलला वेढा घालून त्यानं प्रोटेस्टंटांची उपासमार केली. आणि 1631 मध्ये स्वीडनच्या लुथरन (म्हणजे प्रोटेस्टंटच) राजाला, गुस्ताव्ह अडॉल्फला, वर्षाला 4 लाख थालर (चांदीची नाणी) देण्याचा करार कुणी केला? त्यानंच! कारण जर्मन सम्राटाचं हाब्सबुर्ग घराणं (स्पेनची गादीही त्यांचीच) फ्रान्सच्या उशापायथ्याशी बसलं होतं. उलट सॅक्सनी या जर्मन संस्थानाचा लुथरन इलेक्टर (सम्राट निवडायचा हक्क असलेला राजा) 1620 मध्ये कॅथलिक सम्राटाच्या बाजूनं लढला आणि लाउझित्स प्रांत पदरात पाडून घेतला. यात श्रद्धा दाखवा.

उंबरठा
सुरुवात कशी झाली ते सोयीनं गाळलंत. बोहेमियात (आजच्या चेक देशात) रुडॉल्फ सम्राटानं 1609 मध्ये धर्मस्वातंत्र्य लिहून दिलं होतं. पुढे प्रोटेस्टंटांचं एक चर्च बंद केलं, एक पाडलं. म्हणून 23 मे 1618 ला प्रागच्या किल्ल्यात सम्राटाचे दोन अधिकारी आणि एक कारकून खिडकीतून खाली फेकले गेले. तिघंही जगले. कॅथलिक म्हणाले, मारियामातेनं झेललं. प्रोटेस्टंट म्हणाले, उकिरड्यावर पडले. (दोघांनाही आपापलं उत्तर पटलं, हे विशेष.)

आणि 1629? सम्राट दुसरा फर्डिनांड जिंकत होता. गप्प बसला असता तर बरं. त्यानं फर्मान काढलं की 1552 नंतर प्रोटेस्टंटांनी घेतलेली चर्चची मालमत्ता परत करा. सोबतची सॅक्सनी बिथरली, 1631 मध्ये स्वीडनला जाऊन मिळाली. निव्वळ हिशेबी राजा असा स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेईल?

भटका चष्मा
मालमत्ता म्हणालात ना? मग झालं! जमीनजुमल्याचंच भांडण.

बोरूबहाद्दर
तुम्ही दोघं आजचे कप्पे चारशे वर्षांपूर्वीच्या माणसांवर लादताय. 1555 च्या आउग्सबुर्ग तहानं ठरलं होतं की राजाचा धर्म तोच प्रजेचा. पटत नसेल तर घरदार विकून चालते व्हा. कॅल्व्हिनपंथीयांना (प्रोटेस्टंटांतला दुसरा पंथ) तर त्यात जागाच नव्हती, आणि बंडखोरांनी देऊ केलेली बोहेमियाची गादी स्वीकारणारा पाचवा फ्रेडरिक नेमका कॅल्व्हिनपंथी! गादी कुणाची, यावर तुमच्या पोराचा बाप्तिस्मा कसा होणार ते ठरत असेल, तर गादी आणि धर्म वेगळे काढणार कसे?

रानवाट
राजांचं पुरे. 20 मे 1631 ला सम्राटाच्या फौजेनं माग्डेबुर्ग हे प्रोटेस्टंट शहर फोडलं, जाळलं. सुमारे 20 हजार माणसं गेली. त्यानंतर शरण आलेले कॅथलिक सैनिक दया मागायचे तेव्हा उत्तर मिळायचं, "माग्डेबुर्गची दया!" लुटीला सोकावलेला भाडोत्री सैनिकसुद्धा मारताना धर्माचा हिशेब मांडत होता, हे चष्मावाल्यांच्या चौकटीत कुठे बसतं?

उंबरठा
शेवटही बघा. युद्ध संपवणाऱ्या 1648 च्या तहानं ओस्नाब्रुकला बिशप आळीपाळीनं, एकदा कॅथलिक, एकदा लुथरन. आउग्सबुर्गात कारभाराची पदं निम्मी-निम्मी. भांडण धर्माचं नसतं तर ही वाटणी कशाला?

भटका चष्मा
माग्डेबुर्गपुढे माझं म्हणणं तोकडं पडतं, कबूल. पण रिश्ल्यूच्या थैलीचं उत्तर अजून कुणीच दिलेलं नाही. वाट बघतोय.