टीबी म्हणे घाणेरड्या सवयींनी होतो!

गोवंडीच्या बाई: आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी ज्ञान पाजळलं: "टीबी घाणेरड्या सवयींनी होतो, उगाच गरिबीचं रडगाणं नको." उत्तर लिहिलं तर ॲडमिनने माझंच तोंड बंद केलं, म्हणून इथे. आठ वर्षं गोवंडीत शिकवते. इथल्या नटवर पारेख कंपाउंडला, झोपडपट्टीवासीयांच्या पुनर्वसन वसाहतीत, या एकदा. २२५ चौरस फुटांचं घर, दोन इमारतींत जेमतेम तीन मीटर, खालच्या मजल्यावर भर दुपारी ट्यूबलाइट. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने २०१८ साली तिथला अभ्यास केला. उजेड-वारा नसलेल्या घरांत टीबी जास्त निघाला. सवयी काय मजल्यागणिक बदलतात?

स्पष्टवक्ता: बाई, जिन्यात पिचकाऱ्या कोण मारतं, बिल्डर? माझे वडील लालबागला दहा बाय बाराच्या खोलीत नऊ जणांत वाढले. ८४ व्या वर्षी गेले, साधा खोकला नाही.

चाळकरी: त्या खोलीला गॅलरी होती ना? दार रात्री झोपतानाच लागायचं. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबई सुधारणाऱ्या सरकारी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने इमारतींत ऊन यावं म्हणून ६३.५ अंशांचा नियम आणला होता, म्हणजे समोरच्या इमारतीने त्या कोनातला उजेड अडवायचा नाही. गोऱ्यांना कळलं ते आपल्याला कळेना.

गोवंडीच्या बाई: गोऱ्यांचे गोडवे नकोत. त्याच ट्रस्टने घरं पाडून गरिबांना रस्त्यावर आणलं.

खिडकीवाली: खिडकी उघडा म्हणणं सोपं आहे. मधल्या बोळात वरून डायपरपासून सगळं पडतं. आणि आमच्याकडे कबुतरं!

स्पष्टवक्ता: कबुतरांवर बोला की! दादरचा कबुतरखाना झाकला तर लोकांनी ताडपत्री फाडली.

दाणेवाला: मुक्या जिवांवर राग काढा. गाड्यांचा धूर दिसत नाही?

खिडकीवाली: मुका जीव? माझ्या एसीवर येऊन बघा. सासूबाईंची फुप्फुसं गेली त्यापायी.

चाळकरी: तो आजार वेगळा हो, टीबी नव्हे.

खिडकीवाली: डॉक्टर तुम्ही की मी त्यांना घेऊन फिरले?

गोवंडीच्या बाई: अहो, टीबी! जंतू शिरलेल्या शंभरांत पाच-दहा जणच आयुष्यात कधीतरी आजारी पडतात. कोण, ते बरंचसं ताटावर ठरतं. झारखंडात रुग्णांच्या घरच्यांना जादा शिधा दिला, तर त्यांच्यातला टीबी चाळीस-पन्नास टक्क्यांनी घटला.

स्पष्टवक्ता: माझा भाऊ आयटीत. पगार भरपूर, तरी झाला. कुठे गेलं तुमचं ताट?

चाळकरी: बरा कसा झाला?

स्पष्टवक्ता: गोळ्यांनी. सहा महिने. आई रोज चार अंडी द्यायची, हवेशीर खोली त्यालाच दिली होती… बरं, कळलं. दात काढू नका.

गोवंडीच्या बाई: माझ्या वर्गातल्या मुलीच्या घरी दुसरी खोलीच नाही. सरकार टीबीच्या रुग्णाला खाण्यासाठी महिन्याला हजार रुपये देतं, २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत पाचशेच होते. काढा हिशोब अंड्यांचा.

स्पष्टवक्ता: मान्य. पण थुंकणं बंद झालंच पाहिजे.

दाणेवाला: आणि कबुतरांवरचा आरोप मागे घ्या.

चाळकरी: त्यासाठी वेगळा धागा काढा.

दाणेवाला: काढला होता. कुणी फिरकलं नाही.