'लोलिता' वाचताना मी कोणाबरोबर हसत होते?

खाडीकाठची (वेंगुर्ला)
गावातल्या वाचनालयात मी अर्धवेळ काम करते. गेल्या गणपतीत एका चाकरमान्याने जुनी पुस्तकं दिली, त्यात नाबोकोव्हची 'लोलिता' ही कादंबरी निघाली, इंग्रजी. पोस्टातून निवृत्त झालेले एक काका नुसतं मुखपृष्ठ बघून म्हणाले, "ह्या असला पुस्तक कपाटात कित्याक ठेवतंस गो?" मी ते घरी आणलं. जुलैत वीज गेली की दुसरं काही करता येत नाही. शब्दकोश मांडीवर घेऊन, बॅटरीच्या उजेडात महिनाभर वाचत होते.

पुस्तक ठेवायचं की नाही ते मी बघेन. माझी अडचण वेगळी आहे. मी हसले. बारा वर्षांच्या मुलीचं आयुष्य नासवणारा हंबर्ट तुरुंगात बसून स्वतःच सगळं सांगतो, आणि सांगतो असं की ऐकत राहावं. मुलीची आई शार्लट ही त्याची घरमालकीण. तिचं फ्रेंच, तिचं उसनं पुस्तकी बोलणं, सगळ्याची तो टिंगल करतो. मी इतकी खुसखुसले की नवऱ्याने विचारलं, काय झालं? मुलगी हाताशी राहावी म्हणून तो त्याच बाईशी लग्न करतो. एक दिवस ती त्याची डायरी वाचते, पत्रं टाकायला रस्त्यावर धावते आणि मोटारीखाली सापडते. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. इतकी पानं मी त्याच्या शेजारी बसून त्या आईला हसत होते.

हे लेखकाने करवून घेतलं, की मीच तशी?

देवगडचो पावणो
ताई, सुरुवातीची डॉक्टर जॉन रे यांची प्रस्तावना पुन्हा काढा. हा डॉक्टरही नाबोकोव्हचंच पात्र आहे. त्यात एक ओळ आहे: मिसेस रिचर्ड शिलर 1952 च्या नाताळच्या दिवशी बाळंतपणात वारल्या. आपण ती वाचून पुढे जातो, कारण ही शिलर कोण ते ठाऊकच नसतं. ती म्हणजे तीच मुलगी, हे कळायला पुस्तक संपत यावं लागतं. तिचं मरण आपल्यासमोर पहिल्याच पानांत होतं आणि आपण पान उलटलं. तेव्हा तुम्ही एकट्याच नाही, मीही त्यातलाच.

आणखी एक गंमत. आईबापांनी, शिक्षकांनी यातून धडा घ्यावा, असं हा डॉक्टरच सांगतो. नाबोकोव्हने स्वतः नंतर लिहिलं की या पुस्तकाला तात्पर्य जोडलेलं नाही.

सावंतवाडीकर
दशावतारात संकासुर येतो. काळा मुखवटा, मालवणीत फटकेबाजी, पोरंटोरं लोळतात हसून. वेद पळवणारा राक्षस तो, पण हसताना कोणाला लाज वाटत नाही, कारण विष्णू येणार हे माहीत असतं. इथे विष्णूची एन्ट्रीच नाही. म्हणून ते हसू घशात अडकतं.

फळा आणि खडू (गुहागर)
संकासुराचा दाखला मला पटला नाही. त्याच्यापासून कोणाच्या मुलीला धोका नसतो.

बावीस वर्षं शिकवलं. सतत हात वर करणारी मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर एकाएकी गप्प झाली, की आम्हा बायकांच्या मनात पाल चुकचुकायची. बोलायचं मात्र कोणी नाही, मीसुद्धा नाही. या पुस्तकात ती मुलगी बोलते किती? तो सांगेल तेवढंच. भाषा सुंदर आहे, मान्य. पण तिच्या वाट्याला त्यातलं काय आलं?

खाडीकाठची (वेंगुर्ला)
बाई, तुमचं वाचून पुन्हा पुस्तक उघडलं. वर्षभर तो तिला घेऊन अमेरिकाभर मोटारीने हिंडतो. मोटेलं, डोंगर, रस्ते, सगळ्याची वर्णनं झाल्यावर प्रकरणाच्या अगदी शेवटी सांगून जातो की तो झोपेचं सोंग घ्यायचा आणि ती रडायला लागायची. रोज रात्री. पहिल्यांदा वाचताना मी तिथे शब्दकोशात कुठलासा शब्द शोधत बसले होते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच असेल तर ते फार थोडं आहे, हे कबूल.

तिचं खरं नाव डोलोरेस, लोलिता हे त्याने ठेवलेलं. वाचनालयाच्या पुस्तकावर कोणी खुणा केल्या की मी भांडते, पण त्या ओळीपाशी मी स्वतः पेन्सिलीने ते नाव लिहिलंय. काका काल परत विचारत होते, म्हणाले बघू तरी काय आहे. अजून दिलेलं नाही.